तीन नंबरचं कडं

सोमवार, ४ जुलै १९२१

मिरजेहून सुटलेली गाडी कोल्हापूरला अकरा वाजून सात मिनिटांनी लागली. माझ्या घड्याळात. स्टेशनवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, तसं मी स्टेशनमास्तरांना सांगितलं. त्यांनी आभार मानले नाहीत. असो, आजच्या दिवसाला गालबोट नको.

नवी वही, नवी दौत, नवी जागा. वय पंचेचाळीस. जन्म मलकापूरचा, शाळा मराठी चौथीपर्यंत, आणि गेली चौदा वर्षं मुंबईला गिरणीच्या पावरहौसात. तिथे कोळसा ओढण्यापासून सुरुवात केली आणि स्विचबोर्डापर्यंत पोचलो, तेही कुणाच्या शिकवण्यानं नाही. साहेबांनी टाकून दिलेली कॅटलॉगं एकेक अक्षर लावत वाचली. आता इथल्या सूतगिरणीनं स्विचघराचा मेस्त्री म्हणून मला बोलावून घेतलं आहे. बोलावून घेतलं, मी अर्ज केलेला नव्हता. हे लिहून ठेवतो.

मुक्काम शनिवार पेठेत बयाबाईंकडे, माडीवर. हत्यारांची पेटी दोन हमालांनी वर चढवली तेव्हा बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या की पावणं, पेटीत बायकू घालून आणलीसा व्हय, चांगली भरल्या अंगाची दिसती. मी म्हटलं, बायको असती तर इतकी जपून आणली नसती. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या घरातलं माणूस खिडकीत आलं. जोंधळ्याची भाकरी, पावट्याची आमटी. भूक चांगली लागली. उद्या सात वाजता हजर होणार.

मंगळवार, ५ जुलै

स्विचघर चौदा फूट बाय बावीस. दगडी भिंती, एक दार, दोन झरोके. आत जाळीच्या दारांचे तीन पिंजरे ओळीनं उभे. एक नंबरमध्ये जनित्राकडून वीज येते. दोन नंबर सूतखात्याला देतो. तीन नंबर ओढ्याकाठच्या मोठ्या पंपाला देतो. तो उन्हाळ्यात गिरणीला पाणी आणतो आणि पावसाळ्यात तळघरात झिरपलेलं पाणी बाहेर फेकतो. दाब तेहतीसशे व्होल्ट. समोर संगमरवरी बोर्ड, त्यावर तीन काटे.

प्रत्येक पिंजऱ्यात एक करंट ट्रान्सफॉर्मर. इथले लोक त्याला कडं म्हणतात, आणि दिसतंही तसंच, हत्तीच्या पायातलं. कड्याच्या पोटातून तांब्याची जाड कांब जाते, तिच्यात तेहतीसशे व्होल्ट. कड्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे. कांबेतून जेवढा प्रवाह जाईल त्याची लहानशी नक्कल त्या तारेत उमटते आणि बोर्डावरचा काटा हलवते. कांब आणि तार यांच्या मध्ये काय? बोटभर वेष्टण. अभ्रक, तेलात मुरवलेलं कापड, वरून लाखेचा चपडा, आणि भोवती ओतलेलं डांबर. हे बोटभर फुटलं तर तेहतीसशे व्होल्ट बारीक तारेवाटे बोर्डावर, आणि बोर्डाला हात लावणाऱ्या माणसात. माझी सगळी नोकरी म्हणजे हे बोटभर वेष्टण सांभाळणं.

वेष्टणाचा वैरी दमटपणा, आणि इथल्या भिंतींना तर घाम फुटलेला आहे. चार कोपऱ्यांत चार शेगड्या ठेवायला सांगितल्या, प्रत्येक पिंजऱ्याखाली कळीच्या चुन्याचं घमेलं. चिनी मातीचे खांब मी स्वतः कोरड्या फडक्यानं पुसले. दोन बोटं जाड धूळ निघाली.

हाताखाली दोन माणसं. ज्ञानू, पन्नाशीचा, पुसायचं काम करतो. बोर्डाच्या मागची पितळी टोकं तो रोज इतकी घासतो की त्यात तोंड दिसेल. दुसरा गौस, तिशीचा, शांत. याचा थोरला भाऊ बाबालाल आधीचा मेस्त्री. तीन वर्षांपूर्वीच्या इन्फ्लुएंझात वारला, तेव्हापासून स्विचघर गौसनंच चालवलं. कसं चालवलं ते विचारू नये. शिक्षण शून्य. भाऊ सांगेल ते पाठ.

बुधवार, ६ जुलै

तीन वर्षं हे स्विचघर जळलं कसं नाही याचं आज नवल वाटलं.

कड्याची बारीक तार बोर्डाकडे जाताना मध्ये एका फळीवर थांबते. तिथे फ्यूज हवा. इथे काय आहे? तांब्याची पट्टी! चार इंच लांब, अर्धा इंच रुंद, दोन टोकांना दोन स्क्रू. तिन्ही पिंजऱ्यांत तेच. मी गौसला विचारलं, हे काय शहाणपण? तो म्हणाला, दादानंच बसवली हाय. मी म्हटलं, तुझ्या दादाला फ्यूज माहीत नव्हता काय? तर म्हणतो, म्हाईत हुता की मेस्त्री, म्हणून तर बसवला न्हाई.

वर मला शिकवतो! कड्याच्या तारेची वाट चालू मशीनवर कधी तोडायची नाही म्हणे. का, तर पाटाला पाणी सोडलंय आणि वाफ्याचं तोंड लिंपलं तर पाणी थांबत न्हाई, बांधच फोडतं. म्हणजे वाट तुटली की कड्यातली वीज वेष्टणावर उठते आणि ते आतून खाते. हे सगळं दादा सांगायचा. मी म्हटलं, विजेचं आणि उसाच्या पाटाचं नातं लावणारा तुझा दादा शिरोळला पाटकरी व्हायला हवा होता. ज्ञानू फिस्सकन हसला. गौस हसला नाही.

फ्यूज नसलेली तार मी चौदा वर्षांत माझ्या हाताखाली राहू दिलेली नाही. तार आली तिथे फ्यूज आला. एवढं साधं आहे.

रविवार, १० जुलै

गिरणी बंद. तिन्ही पट्ट्या काढल्या आणि मुंबईहून आणलेल्या चिनी मातीच्या फ्यूजबैठका बसवल्या. तार पाच अँपियरची, मोजून. काम इतकं सुबक झालं की म्यानेजरसाहेबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, वा, गणपतराव, आता खरं पावरहौस दिसतंय.

तीन नंबरची पट्टी नीट पाहिली. एका कोपऱ्याला कानशीनं मारलेली तिरपी खूण आहे. बाबालाल आपल्या प्रत्येक वस्तूवर ती मारायचा म्हणे. पट्ट्या भंगाराच्या पिंपात टाकल्या.

सोमवार, ११ जुलै

पंप सुरू करताना काटा उसळला आणि शून्यावर पडला. पंप मात्र चालूच. तीन नंबरच्या पिंजऱ्यातून गुरगुर सुरू झाली, भुकेलं कुत्रं भाकरीवर पाय ठेवून करतं तशी. अर्थात फ्यूज गेला होता. म्हणजे फ्यूजनं काम केलं. गौस दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी त्याला कोळसा आणायला पाठवलं.

गुरगुर दमटपणाची. शेगड्या दोन वाढवल्या. दुपारच्या सुटीत इंजिन थांबल्यावर नवी फ्यूजतार घातली.

मंगळवार, १२ जुलै

सकाळी पावणेसातला स्विचघर उघडलं. तीन नंबरमधली फ्यूजबैठक काढून खाली चुन्याच्या घमेल्यात ठेवलेली. तिच्या जागी तांब्याची पट्टी. कोपऱ्याला तिरपी खूण.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गौसला सगळ्यांसमोर फैलावर घेतला. तो म्हणतो, मी न्हाई. शपथ घेतो. मी म्हटलं, मग तुझा दादा आला होता काय? तर हा माणूस खाली बघून म्हणतो, आसंल. आसंल! ज्ञानूनंही मान डोलावली. म्हणतो, मेस्त्री, बाबालालला काम अर्धवट टाकायची सवय नव्हती. असल्या लोकांबरोबर मी वीज चालवायची.

पट्टी काढली, फ्यूज बसवला. स्विचघराला मलकापुरी कुलूप लावलं. किल्ली माझ्या कंबरेला.

गुरुवार, १४ जुलै

किल्ली माझ्या कंबरेलाच होती. पट्टी पुन्हा जागेवर.

दुपारी दारात उदाचा वास. बाबालालची बायको रोशनबी दर गुरुवारी येते आणि स्विचघराच्या उंबऱ्यावर ऊद फिरवून जाते, तीन वर्षं, कुणी अडवलेलं नाही. मी अडवलं. बाई, ही पीराची जागा नाही, हा धूर चिनी मातीवर बसतो. ती म्हणाली, भाऊ, माझ्या माणसाचं काम हितं हाय. मी म्हटलं, तुमच्या माणसाचं काम संपलं, आता माझं आहे.  जाताना गौसच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, तिशीच्या बाप्याच्या!

मुंबईला आमच्या जुन्या इंजिनियरसाहेबांना पत्र टाकलं. सगळी हकीकत लिहिली. साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या की त्या म्यानेजरच्या टेबलावर ठेवीन आणि गौसला घरी पाठवीन.

रविवार, १७ जुलै

चौथ्यांदा. आज पट्टीचे करवतीनं दोन तुकडे केले. एक बॉयलरच्या भट्टीत टाकला, दुसरा ओढ्यात. पिंजऱ्याच्या जाळीदाराला दोरी बांधून वर लाखेची मोहोर केली, माझ्या अंगठीची. गिरणीच्या पहारेकऱ्याला दाखवून ठेवली. आता येऊ दे.

मंगळवार, १९ जुलै

काल पट्टी नव्हती. मी दिवसभर खूश होतो. तीन नंबरला तीनदा फ्यूज गेला, गुरगुर चालू, पण खूश होतो.

आज मोहोर शाबूत. दोरी शाबूत. आत पट्टी. अख्खी. मी ती स्वतः मोजली: चार इंच, अर्धा इंच, तिरपी खूण. कुठे जोड नाही, डाग नाही. स्क्रू हाताला कोमट लागले.

कुणाला काही सांगितलं नाही. दुपारच्या सुटीत सगळे जेवायला गेल्यावर पट्टी काढली, फ्यूज बसवला, आणि खुर्ची टाकून पिंजऱ्यासमोर बसलो. इंजिन बंद. झरोक्यातून ऊन आलेलं. जाळीपलीकडे सगळं दिसत होतं. बारा वाजून अठरा मिनिटांनी मी घड्याळाकडे पाहिलं, फक्त घड्याळाकडे, आणि तेवढ्यात तो आवाज आला. स्क्रू पिळल्याचा. तीन पूर्ण फेरे, आणि शेवटी पाव फेरा जोर लावून. चांगला मेस्त्री पिळतो तसा.

वर पाहिलं तर पट्टी बसलेली.

खुर्ची लाथेनं मागे ढकलली. भीतीनं नव्हे. माझ्या स्विचघरात येऊन मला कामाची रीत दाखवतो! मेलेला माणूस! कोण समजतो स्वतःला!

पट्टी उपटून काढली.

गुरुवार, २१ जुलै

ज्ञानू जळला.

सव्वानऊ. पंप सुरू झाला, फ्यूज गेला, गुरगुर लागली. काटा शून्यावर, म्हणजे तारेत काही नाही, असं कुणीही म्हणेल. ज्ञानू बोर्डाच्या मागे रोजच्यासारखा पितळ पुसायला गेला. निळा उजेड, फटाका फुटावा तसा आवाज, आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. उजव्या हाताची दोन बोटं काळी. डॉक्टर म्हणाले, काढावी लागतील. शुद्धीवर आला तेव्हा मलाच म्हणतो, मेस्त्री, माझं कायतरी चुकलं काय हो?

बारीक तारेत एवढं बळ आलं कुठून? तिथे जीव जाईल इतकं काही असूच शकत नाही. कॅटलॉगात—

म्यानेजरसाहेबांनी विचारलं. मी सांगितलं, गौस चोरून तांब्याची पट्टी घालतो, त्यानं हे झालं. पट्टी मी सकाळीच पुन्हा काढली होती, जेव्हा झालं तेव्हा फ्यूज होता. हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

गौसला उभ्या उभ्या काढला.  जाताना म्हणाला की मेस्त्री, कडं गुरगुरतंय तवर हाय. गप झालं की पळा.

मला धमकी देतो.

रविवार, २४ जुलै

तीन दिवस पट्टी नाही. बरोबर आहे ना? माणूस गेला, खोडी गेली. मी म्हणत होतो तेच. मोहोर कशी चुकवायचा ते त्याचं त्याला ठाऊक.

तीन नंबरच्या कड्यातून डांबर पाझरतं आहे. बोटाला चिकट, कडू वास. शेगड्यांच्या आचेनं असेल. दोन शेगड्या काढल्या.

बयाबाई ताट ठेवताना म्हणाल्या की मेस्त्री, ज्ञानूच्या घरी जाऊन आलासा का? मी म्हटलं, वेळ नाही. त्या म्हणाल्या, व्हय की, मोठ्या मानसाला येळ कुठला. भाकरी तशीच टाकून उठलो. पेठेतल्या बायकांनीसुद्धा आता मला जाब विचारायचा.

मंगळवार, २६ जुलै

संध्याकाळी मुंबईचं उत्तर आलं. साहेबांच्या हाताचं. चार ओळी.

करंट ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेला फ्यूज कधीही घालायचा नाही. वाट तुटली की त्या तारेत हजारो व्होल्ट चढतात, वेष्टण आतून जळतं, आणि हात लावणारा मरतो. तुझ्या आधीच्या माणसाला हे माहीत होतं. तो कोण आहे, त्याला माझा सलाम सांग.

सलाम सांग.

पत्र चुरगाळलं. पुन्हा सरळ केलं. या वहीत ठेवलं आहे. चौदा वर्षं मी त्या साहेबाचा बोर्ड पुसला, त्यानं हे एकदा तोंडानं सांगितलं नाही. कॅटलॉगात ते पान नव्हतं! कुणीतरी पान फाडलेलं असणार. मी एकटा कुठून कुठून शिकणार होतो?

उद्या दुपारच्या सुटीत गुपचूप तिन्ही पट्ट्या घालीन. कुणाला कळायचं कारण नाही.

बुधवार, २७ जुलै

सुटी झालीच नाही. पंचगंगा चढली, ओढा उलटा फुगला, तळघरात गुडघाभर पाणी आणि वर कापसाच्या गासड्या. म्यानेजरचा हुकूम: पंप रात्रंदिवस चालू, इंजिन थांबवायचं नाही. सकाळीच फ्यूज गेला आहे. दिवसभर कड्याची वाट तुटलेली. दिवसभर गुरगुर.

एक आणि दोन नंबरच्या तारा अजून शाबूत आहेत. तिथे भार सारखा असतो, उसळत नाही. तीन नंबरचंच—

संध्याकाळी बाबालालच्या घरी गेलो. गौसला विचारायचं होतं की चालू मशीनवर पट्टी घालायची काही रीत दादानं सांगितली होती का. दारात उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं की गिरणीचं हत्यार घरी आणलं असेल तर परत द्या. असं का बोललो कोण जाणे.

रोशनबी म्हणाली, गौस शिरोळला गेला, उसाच्या रानात काम बगाया. मग मी विचारलंच. म्हटलं, पट्टी... आता येत नाही.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान मूल असावं. म्हणाली, भाऊ, तुमच्या कड्यासाठी ते येत हुते असं वाटलं व्हय तुमाला? त्यांचा भाऊ तितं हात घालत हुता. मी दर जुम्मेरातीला उंबऱ्यावर तेवढंच मागत हुते, गौसला सांभाळा. आता गौस तितं न्हाई. तुमच्यासाठी कोण येणार?

रागानं मला रस्ता दिसेना. घरी येऊन हे लिहितो आहे.

गुरुवार, २८ जुलै. सकाळ

ज्ञानू कामावर आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. डाव्या हातानं पुसतो म्हणाला. मी त्याला ओरडून हाकलला. तो दारातच उभा. म्हणतो, मेस्त्री, नोकरी घालवू नगा, माझ्या हातनं पुन्यांदा चूक हुयाची न्हाई. तुझी चूक नव्हती, एवढं एक वाक्य. ते निघेना. दार लावून आतून कडी घातली. तो बाहेर बसला आहे. खोकतो आहे.

दहा वाजून दहा.

चार शेगड्या. डांबर आता थेंब थेंब पडतं, चुन्यावर. चुना काळा. कापूस जळल्याचा वास. कापूस नाही, वेष्टणाचं कापड.

नवी पट्टी मी केली आहे. चार इंच, अर्धा इंच. हातात आहे. चालू मशीनवर घालता येणार नाही. काठीला तार बांधून जवळ नेली तर फळीवरून बोटभर ठिणगी येते. पाहिलं.

तीन नंबरची वीज तोडायचं हँडल ओढलं की झालं. पंप थांबेल. पाच मिनिटं थांबला तर काही बुडत नाही. दोन स्क्रू, तीन फेरे, पाव फेरा. पण पंपावर म्यानेजर स्वतः उभे आहेत. थांबला की माणूस धावत येणार. आणि रजिस्टरात कारण लिहायचं. थांबवण्याचं कारण. माझ्या नावापुढे आजवर तो रकाना कोरा आहे.

दहा चाळीस.

बाबालाल, ये की. एकदा. ज्ञानू बाहेर बसलाय, तो तुझाच माणूस होता. त्याच्यासाठी ये.

घड्याळाकडे पाहिलं. मुद्दाम. पूर्ण एक मिनिट.

काही नाही. फळी तशीच उघडी.

का येईल? मी तरी कुणासाठी जागेवरून उठलो?

दहा बावन्न.

आधी कारण लिहितो. मग ओढतो. लिहिल्याशिवाय हात उठत नाही. इथे कच्चं लिहून रजिस्टरात उतरवीन.

कारण : दमटपणामुळे

नाही.

कारण : पूर्वीच्या मेस्त्रीच्या

नाही. नाही.

ज्ञानू दार वाजवतो आहे. विचारतो, मेस्त्री, आतनं आवाज कसा येत न्हाई?

खरंच येत नाही. गुरगुर थांबली. मी काही केलेलं नाही, पट्टी माझ्याच हातात— काटा शून्यावर होता, तो हलतो आहे—

ज्ञानू, दारापासून लांब हो

लिहितो, हे लिहून ओढतो—

कारण : तीन नंबरच्या कड्याला फ्यूज मी स्वतः, गौसनं नको म्हटलेलं असताना, माझ्या हातानं घा